ज्यांचं संकट टळलं नाही, त्यांची साक्ष

टॉवेलवाली (सोलापूर):

आमच्या मंडळीत दर गुरुवारी कुणाच्या तरी घरी संध्याकाळची प्रार्थना असते. गायन, शास्त्रवाचन (म्हणजे बायबलवाचन), मग साक्ष. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. देवानं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं, त्याला आम्ही साक्ष देणं म्हणतो. लहानपणापासून ऐकत आलेय, त्यामुळं साचा पाठ झालाय. नोकरी नव्हती, प्रार्थना केली, लागली. पोर तापानं फणफणलं होतं, उठून बसलं. कर्ज होतं, फिटलं. सगळे 'आमेन' म्हणतात, चहा-चिवडा होतो, चपला शोधत घरी जातो.

यातलं काही खोटं असतं असं मला म्हणायचं नाही. पण ज्याचं फिटलं नाही तोही त्याच खोलीत भिंतीला टेकून बसलेला असतो. त्यानं उभं राहून सांगायचं तरी काय? हा धागा त्याच्यासाठी काढतेय.

आमचंच सांगते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मिस्टरांचे यंत्रमाग होते, टेरी टॉवेलचे. सासऱ्यांनी मिलमधून सुटल्यावर जुने माग घेऊन सुरू केलेलं काम. २०२० च्या मार्चमध्ये पट्टे थांबले. लॉकडाऊन उठल्यावर सुताचे भाव असे चढले की टॉवेल विकून सूत सुटेना. व्यापाऱ्याकडं अडकलेलं अडकूनच राहिलं. बँकेचा हप्ता भरायला हातउसने, ते फेडायला दागिने गहाण, दागिने सोडवायला आणखी कुणाकडं तरी हात पसरायचा. ज्यांनी हे केलंय त्यांना पुढचं सांगायला नको.

शेवटी माग भंगारात दिले. माग भंगारात जातो म्हणजे काय हे सोलापूरच्या पूर्व भागातल्या, विणकरांच्या वस्तीतल्या, बऱ्याच घरांनी पाहिलंय. बिडाचा सांगाडा असतो. तो उचलून नेत नाहीत, जागेवरच घणानं फोडतात. बीड वाकत नाही, तडकतं. प्रत्येक घावाला शेडच्या पत्र्यावर आवाज घुमतो आणि मग तुकडे काट्यावर चढतात. किलोचा भाव. जॅकार्डचे पुठ्ठे मात्र भंगारवाल्यानं पायानं बाजूला सारले. दोरीत ओवलेले, भोकं पाडलेले ते पट्टे, ज्यांच्यावरून टॉवेलवर नक्षी उठते. "ह्याचं काय येत नाही बघा मामा," म्हणाला. मिस्टर त्या ढिगाजवळ बराच वेळ उकिडवे बसून होते.

त्यानंतर ते दिवसा बाहेर पडेनात. फोन उलटा ठेवलेला. बेल वाजली की आतल्या खोलीत. चर्चलाही येणं बंद, कारण तिथंही दोघा-तिघांचं देणं होतं. ज्याचं देणं आहे त्याच्याच शेजारी बसून गायन कसं म्हणायचं?

पाळकसाहेब घरी आले तेव्हा माझी तयारी होती. 'देव सगळं नीट करील', मग प्रार्थना, मग चहा. त्यांनी तसलं काहीच केलं नाही. बायबलातल्या स्तोत्रसंहितेतलं ८८ वं स्तोत्र काढलं आणि सावकाश वाचलं. रडगाण्याची स्तोत्रं पुष्कळ आहेत, पण बहुतेकांत शेवटी कुठंतरी 'तरीही मी तुझी स्तुती करीन' असं वळण येतं. ह्यात ते येत नाही. माणूस देवाला हाक मारतो, जाब विचारतो आणि स्तोत्र अंधारावरच संपतं. मिस्टरांनी विचारलं, "हे शास्त्रात आहे?" पाळक म्हणाले, "आहे की. इतकी शतकं कुणी काढून टाकलं नाही." आणि उठले. चहासुद्धा घेतला नाही.

त्या रात्री आमचे हे देवाशी भांडले. मोठ्यानं. शेजारच्या अम्मा दार ठोठावून विचारून गेल्या, "काय झालं वो?" मला मात्र बऱ्याच महिन्यांनी बरं वाटलं. गप्प बसलेला माणूस फार भीती घालतो.

पुढं एका गुरुवारी साक्षीच्या वेळी हे उभे राहिले आणि कुणाचं किती देणं आहे ते रुपयांत सांगितलं. म्हणाले, "फिटलेलं नाही. लवकर फिटेल असंही दिसत नाही. पण मी आता लपणार नाही. ज्यांचं आहे त्यांनी दिवसाढवळ्या या." कुणी आमेन म्हणालं नाही. मग मागं बसलेले एक काका म्हणाले, "माझंबी आहे." तेवढंच. देणं त्यांच्याही डोक्यावर होतं.

आणखी एक. विणणाऱ्या कामगारांना दिलेली उचल वहीत लिहिलेली होती. ती ह्यांनी एकेक ओळ खोडत आणली. मी कडाडून भांडले. आपल्याला कुणी दमडी सोडत नाही, आणि तुम्ही निघालात सोडायला? तर म्हणाले, "रोज तोंडानं म्हणतोच की आपण." प्रभूच्या प्रार्थनेत आहे ना, 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे'. लहानपणापासून म्हणत आलेले शब्द त्या दिवशी पहिल्यांदा मला महाग पडले.

आज हे दुसऱ्याच्या शेडमध्ये जॉबर आहेत, म्हणजे मागांवर देखरेख करतात. हप्ते चालूच आहेत, एक-दोन थकलेतही. पण घरातली भीती गेली. फोन वाजला की उचलतात. मला जी मोकळीक दिसली ती ही, कर्ज फिटण्याच्या अलीकडची.

तुमच्याकडं अशा साक्षी आहेत का? शेवट गोड नसलेल्या. ख्रिस्तीच असलं पाहिजे असं अजिबात नाही.


कडक_भाकरी:

वाचतोय. भंगारचा परिच्छेद वाचून पोटात कालवलं. आमच्या साखर पेठेत एकेकाळी माग बंद पडला तर झोप मोडायची, इतकी त्या आवाजाची सवय. आता सगळं शांत.


पूर्वभागातला_तात्या:

ताई, लिहिलंय मनापासून, म्हणून रोखठोक बोलतो. राग मानू नका.

माग का बंद पडले? सुताचा भाव कोण ठरवतं, विजेचा दर कोण ठरवतं, व्यापारी सहा-सहा महिने पैसे का दाबून ठेवतो? हे प्रश्न विचारायच्या ऐवजी माणूस 'मनातून मोकळा' झाला, तर ते वरच्यांना बरंच आहे की. कर्जही फेडतो, आरडाओरडही करत नाही! कुंभारीला विडी कामगार बायकांची १०,००० घरं उभी राहिली ती कामगार नेते आडम मास्तर आणि त्या बायका वर्षानुवर्षं मोर्चे काढत राहिल्या म्हणून. प्रार्थनेनं एक वीट चढली नसती.

अफू म्हणा किंवा काही म्हणा. दुखणं थांबतं, रोग राहतो.


पॅसेंजर:

तात्या, ज्या मार्क्सनं अफू म्हटलं त्यानंच त्याच्या आदल्या ओळीत धर्माला दडपलेल्या जिवाचा सुस्कारा म्हटलंय. अर्धंच सांगू नका. :)

ताई, तुमचा धागा वाचताना पंडिता रमाबाई आठवत राहिल्या. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंडनंतर केडगाव लागतं. एक्स्प्रेस धाडधाड निघून जाते, म्हणून लक्ष जात नाही. तिथं त्यांचं मुक्ती मिशन अजून आहे.

बाईंच्या वाट्याला काय आलं ते बघा. जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे, बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचे बोल खाल्लेले. दुष्काळात आई, वडील, थोरली बहीण पाठोपाठ गेले. भावाबरोबर उपाशीतापाशी देशभर पायी. १८८० मध्ये भाऊ गेला. लग्न केलं, तर १८८२ मध्ये नवरा गेला, पदरात तान्ही मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला.

माझ्या मते महत्त्वाचं पुढंच आहे. बाईंनी स्वतः नंतर लिहून ठेवलंय की बाप्तिस्म्यानं आपल्याला धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. मनाची शांती त्यानंतर आठेक वर्षांनी आली. त्या वर्षांत त्या रिकाम्या बसल्या नव्हत्या. अमेरिका फिरून आल्या, १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदासदन काढलं, मग ते पुण्याला नेलं, टीका सोसली. म्हणजे काम चालू, नाव झालेलं, आणि आतून चाचपडणंही चालूच. आणि मिळाल्यावर काय केलं? १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना गोळा करून घेऊन आल्या. स्वतःच्या घरच्यांना ज्यानं नेलं त्याच दुष्काळाच्या तोंडात पुन्हा गेल्या. तात्या, ह्याला अफू म्हणायचं का?

शेवट गोड नाही म्हणालात ना. १९२१ मध्ये मनोरमा गेली. पुढच्या एप्रिलमध्ये रमाबाई. बायबलचं त्यांनी स्वतः केलेलं मराठी भाषांतर त्या गेल्यावर छापून पुरं झालं.


भुईकोट:

सगळं ठीक. पण संकटात सापडलेला माणूस गाठायचा, दोन गोड शब्द बोलायचे आणि बाटवायचा, हे आमच्या गल्लीत डोळ्यांनी बघतोय. 'मुक्ती' वगैरे शब्द गोंडस आहेत.


संपादक मंडळ:

धर्मांतराच्या राजकारणावर स्वतंत्र धागे आहेत. इथं मूळ विषयाला धरून लिहावे. व्यक्तिगत रोख आढळल्यास प्रतिसाद अप्रकाशित केला जाईल.


टॉवेलवाली:

भुईकोट, प्रतिसाद उडवला नाही हे बरं झालं, कारण मुद्दा मला झटकायचा नाही. मी तिसऱ्या पिढीची ख्रिस्ती आहे, आजी मिशनच्या वोरोनोको शाळेत शिकलेली. तरी सांगते, माणूस गळ्यापर्यंत बुडालेला असताना त्याच्याकडून धर्माचा निर्णय वदवून घ्यायचा, हे मला पटत नाही. आमच्या गुरुवारच्या प्रार्थनेला शेजारच्या दोन पद्मशाली अक्का येतात, मार्कंडेयाच्या रथाला जातात, आणि कुणी त्यांना काही विचारत नाही. सगळीकडं असंच असतं असा माझा दावा नाही. तुमच्या गल्लीत कुणी फसवत असेल तर बोला की, गप्प का बसायचं?

'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण द्यावंसं वाटतं. त्यांचे यजमान कवी रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा घर फुटलं. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. परत आल्या त्याही हिंदू म्हणूनच, आपली चूल, आपलं सोवळं सांभाळत. नवऱ्यानं ओढलं नाही. त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला १९०० मध्ये, तोही मनात जातपात खोटी आहे हे पक्कं झाल्यावर. घाई कुणालाच नव्हती.

तात्या, तुम्हाला सविस्तर लिहिते, भाकऱ्या आटपू द्या.


पायी_वारी:

मी माळकरी. अशा धाग्यांवर सहसा लिहीत नाही. पण उचलीच्या वहीबद्दल वाचलं आणि थांबवेना.

तुकोबांच्या घरी महाजनकी होती, सावकारी होती. १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ, त्यात पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला, दिवाळं निघालं, लोकांत तोंड दाखवायची चोरी झाली. परंपरा सांगते की त्यानंतर तुकोबांनी लोकांची कर्जखतं काढली, धाकट्या भावाच्या वाट्याची त्याला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. श्रीमंती आल्यावर नाही बुडवली. सगळं गेल्यावर बुडवली.

तुमच्या यजमानांना दंडवत सांगा. आणि तुमचे रेव्हरंड टिळक तर म्हणायचेच की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडं आलो. पूल दोन्ही बाजूंनी वापरता येतो, एवढंच.

(अवांतर: गड्ड्याच्या यात्रेत यंदा आमची दिंडीतली मंडळी भेटणार आहेत, सोलापूरकरांनी कळवावे.)


कडक_भाकरी:

पूल +१


टॉवेलवाली:

हं, तात्या.

मोर्चाच्या विरोधात मी एक अक्षर लिहिलं नाही. पण तुमच्या म्हणण्यात एक गृहीत आहे, की आतून मोकळा झालेला माणूस बाहेर गप्प बसतो. शास्त्रात नेमकी उलटी गोष्ट आहे. बायबलच्या 'प्रेषितांची कृत्ये' ह्या पुस्तकात सोळाव्या अध्यायात पौल आणि सीला हे ख्रिस्ताचे प्रचारक फिलिप्पै गावात पकडले जातात. चौकशी नाही, खटला नाही, भर चौकात फटके, मग आतल्या कोठडीत पाय खोड्यात. मध्यरात्री हे दोघे गायनं म्हणतात, भूकंप होतो, दारं उघडतात. आमच्याकडं प्रवचन बहुतेक इथंच संपतं.

पण दारं उघडली तरी हे पळत नाहीत. तुरुंगाचा नायक कैदी पळाले समजून तलवार उपसून जीव द्यायला निघतो, त्याला पौल ओरडून थांबवतो. मला वाटतं त्या रात्री सगळ्यांत जास्त कोंडलेला माणूस तो नायकच होता. आणि सकाळी? अधिकारी निरोप पाठवतात, सोडून द्या त्यांना. पौल म्हणतो, जमायचं नाही. आम्ही रोमी नागरिक, आम्हाला चौकशीवाचून चारचौघांत मारलंत, आता गुपचूप घालवता? त्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर न्यावं. आणि ते येतात, विनवण्या करतात.

रात्रभर गाणारा माणूस सकाळी हक्काचं मागतो. मला तरी ह्यात अफू दिसत नाही. उलट ज्याला लाज आणि भीती वाटते तोच मोर्चात येत नाही, हे तुम्ही युनियनवाल्यांनी आम्हाला सांगायला पाहिजे.


पूर्वभागातला_तात्या:

हे सकाळचं प्रकरण माहीत नव्हतं. चांगलं आहे की. शेवटच्या ओळीवर मात्र काय बोलू, खरं आहे. कर्जात बुडालेला विणकर सभेला येत नाही, कारण सभेत सावकाराचा माणूस असतो. लई वर्षं बघतोय.

पण एक विचारतो. घाम गाळून दिलेली उचल कामगारांना सोडली हे ठीक, पण बँक, फायनान्सवाले तुम्हाला सोडणार आहेत का? पौलासारखं कागद मागितलेत का त्यांच्याकडं?


बँकेतला_बाबू:

तात्यांच्या प्रश्नाला धरून थोडं कामाचं. धाग्याचा सूर बिघडवायचा नाही, पण संकटात अडाणीपणा महाग पडतो.

कर्ज थकलं तरी वसुलीला नियम आहेत. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणं वसुलीचा माणूस सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर फोन करू शकत नाही. मायक्रोफायनान्सच्या, म्हणजे बायकांच्या गटकर्जाच्या बाबतीत तर सकाळी ९ ते संध्याकाळी ६. शिवीगाळ, धमक्या, नातेवाइकांना फोन, गल्लीत तमाशा, हे काहीही चालत नाही. लेखी तक्रार करा, आधी त्या संस्थेकडं. ३० दिवसांत उत्तर नाही आलं की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं, फुकट.

आणि शाखेत जाऊन कर्जाची पुनर्रचना किंवा एकरकमी तडजोड होते का ते विचारा. जो ग्राहक समोर येऊन बसतो त्याच्याशी बोलता येतं. फोन उचलत नाही त्याची फाइल सरळ वसुलीला जाते. ताईंच्या यजमानांनी लपणं सोडलं हे व्यवहाराच्या दृष्टीनंही उत्तम केलं.


कुंपणाबाहेरचा:

मुक्ती, मोकळीक हे सगळं वाचलं. आता माझं ऐका.

मी सेटलमेंटचा. नव्या पोरांना ते फक्त एका वस्तीचं नाव वाटतं. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा, त्यानं आमच्यासारख्या जमातीच्या जमाती जन्मतःच चोर ठरवल्या. तारेच्या कुंपणात ठेवलं, रोज हजेरी, बाहेर जायला पास. दिवसा मिलमध्ये राबायचं, संध्याकाळी कुंपणात. देश १९४७ ला सुटला, आम्ही ३१ ऑगस्ट १९५२ ला.

आणि हे विसरू नका की सरकारनं अशा काही वसाहती मिशनकडं चालवायला दिल्या होत्या. सोलापुरातही मिशनचा हात होता. त्यांनी शाळा काढली हे खरं. माझी आजी त्या शाळेतच अक्षर शिकली, भरतकाम शिकली. पण शाळाही त्यांची आणि हजेरीची वहीही त्यांचीच. मग त्या प्रार्थनेतला देव कुंपणाच्या आतला की बाहेरचा?

आजी गायनं म्हणायची. हजेरीपायी शिकली की आवडीनं, तिनं कधी सांगितलं नाही. कुंपण निघालं, मिशनची माणसं गेली, तरी चुलीपुढं म्हणत राहिली. बाप्तिस्मा मात्र घेतला नाही. आमचा बाप चिडायचा, 'त्यांची गाणी कशाला म्हणतीस?' तर म्हणायची, 'गाणी त्यांची न्हाईत.'


टॉवेलवाली:

दादा, मिशनच्या शाळेचं कौतुक आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या चालतं. वहीचं कुणी बोलत नाही. ह्यावर सारवासारव करणार नाही. आमच्या मंडळीत हे वाचून दाखवू का? तुमची हरकत नसेल तरच.


कुंपणाबाहेरचा:

दाखवा. आजीचं शेवटचं वाक्य पण.


हिंजवडी_सोलापूर:

धागा दोन दिवस वाचतोय. लिहू की नको करत होतो.

बाबा २०२१ च्या एप्रिलमध्ये गेले. कोविड. आम्ही ख्रिस्ती, मी संडे स्कूलमध्ये वाढलेला. बाबांना दवाखान्यात नेल्यापासून रात्रंदिवस प्रार्थनेची साखळी चालू होती, व्हॉट्सॲपवर शंभरेक लोक. सगळे म्हणत होते, विश्वास ठेव. ठेवला. चेहरासुद्धा बघायला मिळाला नाही. पॅक केलेली बॉडी, लांबून खड्डा. नंतर एक काकू म्हणाल्या, 'विश्वास थोडा कमी पडला असेल बाळा.'

तेव्हापासून चर्चमध्ये पाय ठेवलेला नाही. आईला खोटं सांगतो की पुण्यात जातो. मला देवाचा राग येतो, आणि ज्याच्यावर विश्वास नाही त्याचा राग कसा येतो, हेही कळत नाही. तुम्ही मोकळं होण्याबद्दल लिहिलंत. मला उलट वाटतं, देव नसता तर मी मोकळा झालो असतो.


मिरज_सिस्टर:

बाळा, मी निवृत्त नर्स. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात शिकले, पुढची सगळी नोकरी सोलापुरात. कोविडमध्ये निवृत्त असून बोलावलं, गेले.

आधी त्या काकूंचं. हे वाक्य मी वॉर्डात फार ऐकलंय आणि दर वेळी तळपायाची आग मस्तकात जाते. ख्रिस्तानं स्वतः गेथशेमाने बागेत तीनदा मागितलं की हा प्याला टळो. टळला नाही. पौलानं शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनवलं. निघाला नाही. ह्यांचा विश्वास कमी पडला म्हणायचं का? बाबांचं फुप्फुस गेलं होतं. तुझ्या विश्वासाचं माप कुणी फुप्फुसावर काढू नये.

रागाचं. वधस्तंभावर ख्रिस्त काय ओरडला? 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' ती बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. म्हणजे त्या घडीला त्याच्या तोंडी स्वतःचे शब्दसुद्धा नव्हते, आधीच्या कुणा दुखावलेल्याचे होते. दीडशे स्तोत्रांत एक तृतीयांशाच्या आसपास अशीच तक्रारीची आहेत. तुझा राग त्या रांगेत बसतो. तू बाहेर उभा आहेस असं तुला वाटतं, मला तसं दिसत नाही. पण पटत नसेल तर नको पटू दे. चर्चला जा असं मी सांगणार नाही. आईला मात्र खरं सांग, तिला बहुतेक माहीतच असेल.

आता नर्स म्हणून. झोप लागते का? जेवण? इतकी वर्षं झाली तरी एप्रिल आला की छाती भरून येत असेल, नको ते विचार येत असतील, तर डॉक्टरला दाखव. टेली-मानसचा १४४१६ नंबर आहे, सरकारी, फुकट, मराठीत बोलतात. त्याला विश्वास कमी पडणं म्हणत नाहीत.

आणि हे सगळ्यांसाठी. बरं करण्याच्या सभांमधून आलेले आणि इन्सुलिन बंद केलेले पेशंट मी पाहिलेत. साखर पाचशेच्या वर, पाय काळा पडलेला. कुणी पाळक, बाबा, महाराज 'औषध बंद कर' म्हणाला की तिथून उठायचं. माझ्या फ्रिजमध्ये इन्सुलिन आहे आणि फ्रिजवर शास्त्र आहे, दोघांचं आजवर भांडण झालेलं नाही.


हिंजवडी_सोलापूर:

सिस्टर, थँक यू. झोप लागत नाही. फोन करतो त्या नंबरवर.

बाविसावं वाचलं आत्ता. पूर्ण नाही, अर्धं.


मिरज_सिस्टर:

अर्धं पुरे. उरलेलं कुठं पळत नाही.


भुईकोट:

वरचं माझं लिहिणं राहू द्या, मत बदललेलं नाही. पण सिस्टर, माझ्या आईची साखर तशीच आहे आणि ती कुठल्यातरी काढ्यावर विसंबून गोळ्या टाळते. तुमच्याशी बोलायचं होतं. व्यनि (खासगी निरोप) केलाय.


मिरज_सिस्टर:

पाहिला. उद्या सकाळी उपाशीपोटी साखर तपासून आणा, काढ्याची बाटलीही आणा. लेबल वाचते.


पूर्वभागातला_तात्या:

टॉवेलवाली ताई, बाबूसाहेबांनी लिहिलंय ते बरोबर आहे, पण एकट्यानं शाखेत गेलं की साहेब घड्याळ बघतो. आमच्या ऑफिसात एक वकील रविवारी येतात, यंत्रमागवाल्यांची अशी बरीच प्रकरणं बघितलीत. मालक-कामगार वगैरे आपण नंतर भांडू. मिस्टरांना घेऊन या.


टॉवेलवाली:

रविवारी उपासना साडेदहाला सुटते. अकराला पोचतो. त्या गुरुवारी 'माझंबी आहे' म्हणालेले काकाही येतो म्हणतात, चालेल ना? कागद झेरॉक्स आणू की मूळ?


पूर्वभागातला_तात्या:

दोन्ही आणा. काकांना तर आणाच. व्यापाऱ्याकडं अडकलेल्या मालाची चलनं असतील ती पण आणा, फाटकी-तुटकी असली तरी. तीच खरी कामाची.